बैठकीतला कॉम्प्युटर आणि माझ्यावरचा आळ

मी हात लावला नव्हता. हे वाक्य मी आमच्या घरात इतक्या वेळा बोलले, की आता भिंतीपण म्हणत असतील, "बाई, गप बस आता." पण एकानंही विश्वास ठेवला नाही. नवऱ्यानं नाही, सासूनं नाही, आणि पोटच्या पोरानं तर पुण्यात बसून नाही. कॉम्प्युटर हळू चालला, आईनं झाडू मारला असंल. बंद पडला, आईनं हात लावला असंल. चौथी शिकलेली बाई म्हणजे यंत्र बिघडवायलाच जन्माला आली, असं या लोकांचं पक्कं मत.

घरात एक वस्तू आणि तिच्याभोवती चार माणसं असली की किस्से साठतात. माळ्यावर रिकाम्या बरण्या साठतात तसे. टाकवत नाहीत, कामाला येत नाहीत. आज सगळ्या बरण्या खाली काढते. कुणाला राग आला तर येऊ दे.

घर आमचं चौसाळ्यात, हायवेपासून जरा आत. घरात मी, आमचे मालक, माझ्या सासूबाई म्हणजे आत्याबाई, आणि सून रूपाली. दावणीला शेळ्या. पोरगा गणेश पुण्याला कंपनीत आहे, तिथं चार पोरांत खोली करून राहतो. रूपाली ब्लाऊजवर आरीचं काम करते. आधी कॉम्प्युटरवर नक्षी काढते, गिऱ्हाईकाला पाठवते, त्यांनी हो म्हटलं की मग सुई हातात घेते. तिच्यासाठी गणेशनं कॉम्प्युटर आणला आणि बैठकीत कोपऱ्यात टेबलावर मांडला. मोठा डबा टेबलाखाली जमिनीवर. वायरी दिसू नयेत म्हणून रूपालीनं टेबलाला जमिनीपर्यंत लोळणारा भरतकामाचा पडदा लावला. दिसायला लई देखणं.

आणि त्याच कोपऱ्यात, टेबलाच्या पलीकडच्या अंगाला, आत्याबाईंची जागा. त्यांची गोधडी, त्यांचा पानाचा डबा, त्यांचा तांब्या. राष्ट्रपती आले तरी ती जागा सुटायची नाही.

*

पहिला किस्सा पासवर्डचा. गणेश जाताना बापाला बजावून गेला, "दादा, पासवर्ड असा ठेवा की कुणाला अंदाज येऊ नये. आणि कुणाला सांगू नका."

मालकांनी आमच्या जुन्या बैलाचं नाव ठेवलं, सर्जा. मग स्टँडवरच्या हॉटेलात चहा पिताना चारचौघांना सांगितलं, "पोरगा म्हणला, कुणाला कळू देऊ नका. मी असा ठेवलाय की कुणाच्या बापाला कळायचा न्हाई. आपला सर्जा होता बघा, त्याचं नाव."

दुसऱ्या दिवशी शेजारचे शिंदे सोयाबीनचा भाव बघायला आले. मालक उठायला लागले तर शिंदे म्हणाले, "बसा बसा. आमी उघडतो. सर्जाच ना?"

रूपालीनं कपाळावर हात मारला आणि नवा पासवर्ड केला. लांबलचक, इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधे ते शेपटीवालं अक्षर. मालकांच्या ध्यानात राहीना, म्हणून ते दिवसभर तोंडानं घोकत फिरले. शेवटी मालक विसरले ते विसरलेच. पण तिथंच कोपऱ्यात बसलेल्या आत्याबाईंना पाठ झाला. एबीसीडी ओळखीची नाही, पण यस, आर, सात, शेपटीवाला, सगळं तालात. संध्याकाळी देवाचं म्हणून झालं की शेवटी तेपण म्हणायच्या. घरात पाव्हणे असले तर जरा मोठ्यानं.

रूपालीनं तिसरा पासवर्ड केला तो मनातल्या मनात.

*

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्यात हत्यारांची पूजा असते. विळे, कोयते, कुऱ्हाड, शेळ्यांची कातर, रूपालीची शिलाई मशीन. मालक म्हणाले, "कॉम्प्युटर कमावतोय का न्हाई? मग त्यालापण मान पायजे."

मान दिला. हळद-कुंकू कीबोर्डावर, अक्षता कीबोर्डावर, आणि झेंडूचा हार डब्याच्या मागं जिथनं वारा येतो तिथं लटकवला. नारळ शेजारी फोडला, पाणी कुठं जायचं तिथं गेलं. मी म्हणत होते, "अहो, विळ्याला पाणी चालतं, याला न्हाई चालत." मालक म्हणाले, "तुला देवाधर्माचं काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी एक बटण दाबलं की तीन अक्षरं उमटायला लागली. पंखा घरघरायला लागला. गणेशचा फोन आला. मालकांनी सांगितलं, "तुझ्या आईनं ओल्या फडक्यानं पुसला वाटतं."

मुश्ताकभाईंना बोलावलं. त्यांचं हायवेला जळालेल्या मोटारी नव्यानं भरून द्यायचं दुकान आहे, पंखा, मिक्सर, कॉम्प्युटर, जे बिघडंल ते नीट करतात. त्यांनी डबा खोलला, ब्रशनं एकेक पाकळी बाहेर काढली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "वैनी, आत झेंडूची शेती चालू केली का? भाव बरा हाय सध्या."

मालक आढ्याकडं बघत होते.

"तरी बरं," मुश्ताकभाई झाकण लावता लावता म्हणाले, "बोकड न्हाई कापला याच्यापुढं."

त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, या डब्याचं सगळं मागच्या भोकांवर हाय. आतली गरम हवा तिथनं बाहेर जाती. ती भोकं बुजली की डबा तापतो, आणि लई तापला की स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. ध्यानात ठेवलं फक्त मी, आणि मला विचारतंय कोण?

*

पुढं मालकांना वेगाचं वेड लागलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुठंतरी आलं, तुमचा कॉम्प्युटर हळू आहे, फास्ट करायचा तर इथं दाबा. त्यांनी दाबलं. मग दुसरं आलं, अजून फास्ट करा. तेपण दाबलं. जे जे दाबायला मिळालं ते ते दाबलं. शेवटी सकाळी चालू केला की चहा होऊन, पिऊन, कप विसळून झाला तरी तो आपला गोल गोल फिरतोय.

रूपालीनं बघितलं आणि म्हणाली, "दादा, हे सगळे फास्ट करणारेच एकदम चालू होतात. म्हणून तर हळू झालाय."

मी चुलीपासून म्हटलं, "गाडी ओढायला बैल आणले, आणि सगळे बैल जाऊन गाडीत बसले."

रूपाली हसून हसून लोळली. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, म्हणजे घरात तेवढीच शांतता. रूपालीनं एकेक बैल खाली उतरवला आणि कॉम्प्युटर पळायला लागला. गणेशला फोनवर काय सांगितलं मालकांनी? "मीच नीट केला."

*

एकदा मालकांच्या फोनवर कुणीतरी हिंदीत बोलायला लागला. म्हणे मी कंपनीतून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमधे वायरस शिरलाय, चालू करा, मी सांगतो तसं करत जा. मालक लगबगीनं खुर्चीत बसले, चष्मा लावला. मी फोन हातातून ओढून घेतला.

"कौन बोल रहा?"

"मॅडम, कंपनी से."

"तुझं गाव कोणतं रे?"

तो गडबडला. "मॅडम, कंप्यूटर चालू कीजिए."

"करती. थांब. पहले बकरी का दूध निकालती."

मी फोन कट्ट्यावर ठेवला आणि खरंच दूध काढायला गेले. सगळ्या शेळ्यांचं काढलं. एक शेळी नवीन व्यालेली होती, तिचं पिल्लू पाजलं. परत येऊन फोन कानाला लावला तर गडी अजून तिथंच. "मॅडम, हो गया?"

"हुआ. अब चाय रखती. तेरी माय को मालूम है तू ये धंदा करता?"

त्यानं फोन ठेवला. आणि आमचे मालक काय म्हणाले? "बिचारा फुकटात नीट करून देत होता. हाकललास त्याला."

नंतर आठवडी बाजारात कळलं, पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरांनी अशाच एकाचं ऐकलं होतं आणि बँकेत जाऊन डोकं धरून बसले होते. मालकांनी ते ऐकलं, घरी आले, हातपाय धुतले, आणि म्हणाले, "मला तवाच शंका आलती."

*

रूपालीनं मला कॉम्प्युटरातली एकच गोष्ट शिकवली, आणि ती मला एका झटक्यात कळली. तिनं सगळ्या नक्ष्या एका बोटाएवढ्या पेन ड्राईव्हमधे भरल्या आणि घाटनांदूरला माहेरी ठेवून आली. मी विचारलं, "इथं असताना तिथं कावून?"

ती म्हणाली, "आई, आपण थोडं विरजण शेजारी का देऊन ठेवतो? आपलं नासलं तर तिकडनं आणता येतं."

मी म्हटलं, "एवढं गणेशनं नीट सांगितलं असतं तर मी कॉम्प्युटर कवाच शिकले असते."

*

आता मूळ दुखण्यावर येते.

थंडी पडली. दावणीची एक शेळी पिल्लू मागं ठेवून मेली, आणि मालकांनी ते पिल्लू बैठकीत आणलं. काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका. नाव ठेवलं चांदणी. मालक तिला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजायचे. स्वतःच्या पोराला त्यांनी असं कधी घेतलं नव्हतं. चांदणी घरभर फिरायची, एकदा तिनं कीबोर्डाची वायर चघळून तोडली. तुकडा तिच्या तोंडात होता, मी दाखवला. मालक म्हणाले, "तू ओढली असंल, तिनं नुसती उचलली."

त्याच दिवसांत रूपालीला माजलगावचं मोठं काम आलं. नवरी, करवल्या, नवरीच्या मावश्या, सगळ्यांचे ब्लाऊज. नक्ष्या पसंत पडल्या तर काम पक्कं, आणि तशी पुढची लग्नं आपोआप येणार. नाहीतर माजलगावात नक्षीवाल्या बाया काय कमी आहेत? पोरगी सकाळची कामं उरकून दुपारी बसायची. आणि नक्षी रंगात आली की कॉम्प्युटर फट्दिशी बंद. पुन्हा चालू करावा, पुन्हा थोड्या वेळानं बंद. जेवढं काढलेलं तेवढं गेलं. एकदा तर मोराचा अख्खा पिसारा गेला. ती नुसती काळ्या पडद्याकडं बघत बसायची. ते मला बघवायचं नाही.

आणि आळ कुणावर? आत्याबाई कोपऱ्यातून सगळ्यात मोठ्यानं, "हिचा हातच जड हाय. सकाळी झाडून काढती तवाच कायतरी करती."

"मी झाडते सकाळी. बंद पडतं दुपारी."

"जड हाताला येळ लागतो."

मुश्ताकभाई डबा दुकानात घेऊन गेले. तिथं तो दिवसभर चालला, एकदा बंद पडला नाही. परत आणून लावला, दुपारी बंद. मुश्ताकभाई बिडी विझवत म्हणाले, "वैनी, मशीन एकदम चोख हाय. तुमच्या घरात आलं की मरतंय. याला सासुरवास हाय बघा."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मीच सासू ना.

त्या संध्याकाळी गणेशनं फोनवरून निकाल दिला. फोन मोठ्या आवाजात टेबलावर, भोवती सगळे. "ज्याच्यामुळं बंद पडतंय त्यानं बैठकीत पाय ठेवायचा नाही. रूपालीचं काम होईपर्यंत. आई, तू रागावू नको."

मी रागावले नाही. मी उंबऱ्याच्या अलीकडं राहिले. माझ्या घरात, माझ्या हातानं सारवलेल्या बैठकीत मला बंदी. पाव्हण्यांना चहा द्यायचा तर कप उंबऱ्यावर ठेवायचा आणि मालकांनी उचलायचा. शिंद्यांनी विचारलं, "वैनी आत कावून येईनात?" तर आत्याबाई म्हणाल्या, "तिचा पायगुण लागतो मशीनला." गल्लीत दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांना माहीत. दळणाला गेले तर गिरणीवालाही म्हणाला, "काकू, जरा लांब उभ्या राहा, गिरणी चालू हाय."

हसा. मीपण हसले असते, दुसऱ्या कुणाचं असतं तर.

*

दोन दिवसांनी रूपालीला नक्ष्या पाठवायच्या होत्या. माजलगावच्या बाईंचा निरोप आला होता, आज नाही आल्या तर आम्ही दुसरीकडं बघतो. दुपारी रूपाली खुर्चीत बसली, कानात गाणी. मालक मुश्ताकभाईंना आणायला गेले, चांदणी त्यांच्या मागं मागं. मी उंबऱ्याच्या अलीकडं सुपात तूर पाखडत बसले. पाय बाहेर, डोळे आत. बंदी पायाला होती.

एरवी मी आत उभ्यानं, वरून बघायची. त्या दिवशी खाली बसले होते म्हणून टेबलाच्या पलीकडचं दिसलं. आत्याबाई भिंतीला टेकून डुलकी घेत होत्या. टेबलाचा पडदा त्यांच्या बाजूनं वर खोचलेला. पाय लांब करून दोन्ही गुडघे डब्याच्या मागच्या भोकांना लावलेले, आणि त्यांच्यावरनं, डब्यासकट, दुहेरी गोधडी. आतली सगळी गरम हवा गोधडीत. चेहऱ्यावर असं सुख, जसं कुणी तेल लावून शेकून देतंय.

मी सूप खाली ठेवलं. बंदी मोडली. आवाज न करता आत गेले आणि गोधडीचं टोक धरलं. डोक्यात एवढं साठलं होतं की गोधडी ओढून अख्खी गल्ली गोळा करणार होते. मग माझ्या ध्यानात आलं. थंडी पडल्यापासून आत्याबाई कण्हल्या नव्हत्या. दरसाली या दिवसांत पहाटे पहाटे "आई गं" चालू असतं, मी उठून गुडघे चोळते. यंदा एकदाही उठवलं नव्हतं. परवा तर मारुतीच्या देवळात काठीशिवाय गेल्या होत्या.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, गोधडीकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. तेवढ्यात कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला आणि रूपालीचा आवाज आला, "गेलं परत." आत्याबाईंना कळलं. म्हातारीचा चेहराच उतरला. हळूच म्हणाल्या, "सिंधू, इथं लई ऊब येती गं. मला काय म्हायती."

आयुष्यात पहिल्यांदा मला नावानं हाक मारली. एरवी मी 'ए' नाहीतर 'ही'.

मी गोधडी काढून त्यांच्या अंगावर सारखी केली. रूपालीला सांगितलं, जरा उठ. टेबलाचा पडदा वर बांधला, डबा उचलून पाटावर मांडला, मागची भोकं खिडकीकडं केली. मग आत जाऊन तव्यावर वाळू तापवली, फडक्यात बांधली आणि आत्याबाईंच्या गुडघ्यावर आणून ठेवली. रूपाली बसली. दुपार गेली, दिवे लागले, कॉम्प्युटर चालूच. मोराचा पिसारा पुरा झाला, नक्ष्या गेल्या, आणि माजलगावचा निरोप आला, लई आवडल्या, काम तुमचंच.

*

रात्रीच्या जेवणाआधी सगळे बैठकीत. मुश्ताकभाई हात मागं बांधून डब्याभोवती फिरत होते. फोन टेबलावर, त्यात गणेश. मालकांच्या मांडीवर चांदणी, तोंडात बाटली.

मागची भोकं बुजत होती एवढंच मी सांगितलं होतं, कोण बुजवत होतं ते नाही. मुश्ताकभाई म्हणाले, "मी सांगितलं न्हवतं? भोकं कुणीतरी बुजवत होतं. वैनीनं बरोबर पकडलं. वैनीचा दोष न्हवता."

मला वाटलं, घरात कुणीतरी मान खाली घालंल. मालक म्हणाले, "मला तवाच शंका आलती."

फोनातून गणेश म्हणाला, "आई, पण बुजवत होतं कोण? मी ठरवलं ते ठरवलं. जो असंल त्यानं बैठकीत यायचं नाही."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कोपऱ्यात आत्याबाईंनी वाळूची पुरचुंडी पदराआड घेतली आणि गोधडी हनुवटीपर्यंत ओढली.

"सांग की," मालक म्हणाले. "भेती कुणाला?"

मी त्यांच्या मांडीकडं बघितलं आणि म्हटलं, "चांदणी."